केडगावचे विमानवाले

"बघायला बंदी न्हाई ना? मग झालं तर."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. बाजारात कुणी हटकलं, की इथं बांबू रोवू नका, वाटेत उभं राहू नका, बायामाणसांकडं काय टक लावून बघता, तर ते डोक्यावरची काळी टोपी जराशी मागं सरकवायचे आणि एवढंच म्हणायचे. भांडायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. हटकणाराच मग हसून पुढं जायचा.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. सहीपुरतं आणि पोथीपुरतं येतं. पण घरची गेल्याला सहा महिने झाले. दिवसभर भिंतीकडं बघत बसतो आणि भिंतीकडं बघितलं की विमानवाले आठवतात. का आठवतात ते पुढं येईलच. म्हणून लिहायला बसलो.

नाव लिहीत नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडं ते कुणाला नीट ठाऊकही नव्हतं. नगरजवळच्या केडगावचे, एवढंच माहीत. आठवड्याच्या बाजाराला एसटीनं तिसगावला यायचे. टपावर बांबू आणि पडद्याची वळकटी, काखेत कॅमेरा. उतरल्यावर आधी वळकटीची चौकशी, मग चहा. पडदा बांधला की बाजारात आभाळ उभं राहायचं. निळं, ढगाचं, आणि मधोमध एक विमान. खिडकीच्या जागी कापड गोल कापलेलं. मागून डोकं घालायचं, पुढून फोटो. तुम्हीही जत्रेत असले पडदे पाहिले असतील. पण यांच्या विमानाला चाक एकच होतं. रंगवणाऱ्याचा काळा रंग संपला असावा.

"ओ विमानवाले, एका चाकावर कसं उतरायचं आमी?"

"दुसरं पलीकडच्या अंगाला हाय. जाऊन बघा."

आणि माणसं खरंच पलीकडं जाऊन बघायची. मीही एकदा गेलो होतो. खोटं कशाला बोलू.

त्या काळी साध्या माणसाचा फोटो आयुष्यात एखादाच. त्यामुळं बसणारा छाती फुगवायचा, डोळे वटारायचा, श्वास कोंडून धरायचा. विमानवाले कॅमेऱ्यातून मान वर करून म्हणायचे, "श्वास घ्या. फोटू काढतोय, पंचनामा न्हाई." माणूस हसायचा, आणि तेवढ्यात त्यांनी खटका दाबलेला असायचा. पुढच्या बाजाराला फोटो हातात आला की गिऱ्हाईक म्हणायचं, "ह्यो मी न्हाईच." मग घरच्यांना दाखवायचं, घरचे म्हणायचे, "हाच तू." 

एकदा एक म्हातारी फोटो झाल्यावर खिडकीतून डोकंच काढीना.

"आक्का, झाला फोटू. उतरा आता."

"एवढ्यात कशी उतरू? आत्ताशी तर बसले."

मागं चार गिऱ्हाईकं खोळंबलेली. विमानवाल्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. म्हणाले, "बसा आक्का. तुमच्या मनाला येईल तवा उतरा." म्हातारी चांगली अर्धा तास विमानात होती. उतरली तेव्हा म्हणाली, "लांबचा पल्ला हाय बाबा," आणि भाजी घ्यायला गेली.

असा माणूस. आता मी त्यांच्याशी काय केलं ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्यातच मी होमगार्डात होतो. होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे. बंदोबस्ताला माणूस कमी पडलं की ज्याला बोलावतात तो. पण खाकी डगला मिळायचा, पट्टा मिळायचा, शिट्टी मिळायची. एरवी मला गावात कुणी विचारत नव्हतं. डगला घातला की वाटेवरची माणसं बाजूला व्हायची. लाज वाटते सांगायला, पण मला ते आवडायचं. घरची तांब्यात निखारे घालून त्या डगल्याला इस्त्री करायची. घड्या अशा पाडायची की बोट कापावं.

त्या साली दुष्काळी कामं बघायला कुणी मोठे पाहुणे हेलिकॉप्टरनं यायचे होते. गावाबाहेरच्या पटांगणात फक्कीनं पांढरा गोल आखला, भोवती दोर बांधला. आणि धूळ उडू नये म्हणून त्या गोलात टँकरनं पाणी शिंपडलं.

प्यायला पाणी नव्हतं हो. बाया हंडे, कळश्या, तपेल्या, हाताला येईल ते घेऊन पळत आल्या. मला हुकूम होता की दोराच्या आत कुणी येता कामा नये. मी काठी आडवी धरली आणि त्यांना मागं रेटलं. त्यात आमची घरचीही होती. तिलाही म्हणालो, "मागं हो." काठी तिला लागली नाही. पण आडवी धरली होती ती मीच.

दुसरा हुकूम होता फोटोचा. फौजदारांनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, "मशीनचा फोटो नाही. बंदोबस्ताचा फोटो नाही. कॅमेरा दिसला की काढून घ्यायचा." मशीनचं, म्हणजे हेलिकॉप्टरचं, मला समजलं. बंदोबस्ताचा, म्हणजे आमचा, का नाही ते समजलं नाही. पण विचारायचं नसतं.

हेलिकॉप्टर उतरलं. एवढं पाणी मारलं तरी धूळ उडायची ती उडालीच. पाहुणे जीपमध्ये बसून कामांकडं गेले. हेलिकॉप्टर गोलात उभं. मी त्याच्या पुढं, काठी टेकून, ताठ. दोरापलीकडं आठ-दहा गावांची माणसं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. म्हणजे हेलिकॉप्टरकडं.

एकटी घरची मात्र दोराला टेकून माझ्याकडं पाठ करून उभी. हंडा खाली ठेवलेला, पदर नीट घेतलेला. माझ्या मनात आलं, सकाळचं रेटणं मनात धरून बसली. आठ गावं बघायला आली आणि ही मला पाठ दाखवते. माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात तिच्या पलीकडं दहा-बारा पावलांवर विमानवाले दिसले. माणसांना हातानं बाजूला सारून त्यांनी मोकळी जागा केली होती आणि कॅमेरा सरळ माझ्यावर रोखला होता. मी दोर ओलांडून धावलो. ते म्हणाले, "होमगार्डसाहेब, जरा दमानं," तोवर मी कॅमेरा हिसकावला आणि मागचं झाकण उघडून आतलं रीळ उन्हात भराभर ओढलं. रिळाला ऊन लागलं की संपलं, एवढं मला त्यांनीच कधीतरी बाजारात सांगितलेलं.

ते रिळाकडं बघत राहिले. मग एकदा घरचीकडं बघितलं. घरचीनं हंडा उचलला आणि चालू लागली.

चौकीत फौजदारांनी त्यांना उभं केलं. फौजदारांना धास्ती निराळीच होती. पाणी शिंपडतानाचा फोटो पेपरात गेला तर त्यांच्यावर शेकणार. रीळ तर गेलेलं. आता सगळं माझ्या जबानीवर.

"कशाचा फोटो काढत होतास?"

"मानसाचा, साहेब."

"कुठल्या माणसाचा?"

"हुबं ऱ्हायलेल्या." ते टोपी मागं सरकवत म्हणाले, "साहेब, बघायला बंदी न्हाई ना? सारी मानसं बघत हुती. मी काचेतून बघितलं, एवढंच. आन हा बंदोबस्त आमच्यासाठीच हाय ना? आमच्याच वळखीचा गडी, उघड्यावर हुबा. त्याला आमी बघायचं न्हाई तर कुनी बघायचं?"

"मला कायदा शिकवू नकोस." फौजदार माझ्याकडं वळले. "तू सांग. कशाचा काढत होता?"

मी डगल्यात होतो. म्हणालो, "हेलिकॉप्टरचा, साहेब."

"तू पाहिलंस?"

"व्हय."

कागदावर सही केली. मला तेवढंच तर येत होतं. कॅमेरा कपाटात गेला. चौकशी होईपर्यंत मिळणार नाही, कदाचित कधीच नाही, असं फौजदार म्हणाले. विमानवाले एसटी चुकेल म्हणून भराभर निघून गेले.

  तिसऱ्या दिवशी खडीच्या ढिगाशी भाकरी खायला बसलो. तिनं माझ्या हातावर चटणी ठेवली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली,

"त्या डब्यात मी हुते."

"कुठल्या डब्यात?"

"तुमी उन्हाला लावला त्या."

मला कळेना. मग कळलं, तशी भाकरी खाली ठेवली. सगळे माझ्याकडं तोंड करून होते. ही पाठ करून होती, कारण हिचं तोंड कॅमेऱ्याकडं होतं.

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमच्या डगल्यावर आलं असतं."

"आन त्या मानसाचा कॅमेरा गेला त्याचं काय?"

"तेच इचारतेय तुमाला. त्याचं काय?"

तिनं हातोडी घेतली आणि कामाला लागली.

पुढच्या बाजाराला मी तिसगावला गेलो. मला वाटलं होतं ते यायचे नाहीत. पण आभाळ होतं आपल्या जागी. विमानवाले पुढं गोणपाटावर बसलेले, हात मोकळे. एक पोरगी खिडकीतून डोकं काढून उभी. त्यांनी दोन हातांच्या बोटांची चौकट केली, डोळ्याला लावली, म्हणाले, "श्वास घे." पोरगी हसली. "झालं. जा." पोरगी पळाली.

मी म्हणालो, "कॅमेरा?"

"फौजदाराकडं पाहुणचाराला गेलाय. नीट जेवतो का न्हाई, काय की."

मी खाली बसलो. हसणं जमत नव्हतं. म्हणालो, "तुमी चौकीत खरं का न्हाई सांगितलं? ह्याच्याच घरचीनं काढायला लावला म्हनून?"

"सांगून काय? तुमचा डगला गेला असता. आन वहिनीला जलमभर ऐकून घ्यावं लागलं असतं."

"कुनाचं?"

"तुमचंच की."

खरं होतं. त्या वेळचा मी तसाच होतो.

"ती काय म्हनाली हुती तुमाला?"

 दुसऱ्याच्या बायकोचं बोलणं तिच्या नवऱ्याला सांगावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाले, "मागच्या बाजाराला आल्त्या. म्हनाल्या, भाऊ, आमचे मालक डगल्यात लई बरे दिसत्यात. पर त्यांना सांगून फोटूला बसवलं तर तोंड वाकडं करत्याल. ते ड्युटीवर मागं हुबे असताना काढा, मी पुढं हुबी ऱ्हाते. दोघं एकात यायला पायजे. म्हनून तर त्यांच्याकडं पाठ आन माझ्याकडं तोंड करून हुबं ऱ्हावा, असं मीच त्यास्नी शिकवलं."

मी बांबूला धरून बसून राहिलो. बाजाराचा गलका चालला होता तो चाललाच होता. काठी आडवी धरून मी हिला मागं रेटलं, आणि त्यानंतरही ही बाई माझ्यासंगं फोटो निघावा म्हणून उन्हात उभी राहिली. हे मला कुणी मारून सांगितलं असतं तरी बरं झालं असतं.

"मी जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. पर इचार करा. दुष्काळ हाय. बंदोबस्ताला बोलावत्यात, चार घास जास्तीचे मिळत्यात. माझं काय, नुसती बोटांची चौकट धरली तरी मानसं हसत्यात."

"हसत्यात, पर फोटू कुटं मिळतो?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

मी चौकीत गेलो तो डगला घालूनच. फौजदार कागद चाळत होते.

"साहेब, माझी जबानी खोटी हाय."

त्यांनी मान वर केली. "मग तू पाहिलंस काय?"

"माझ्याकडं रोखलेला कॅमेरा. आन माझी बायको, पाठ करून हुबी."

"तुझ्याकडं पाठ, म्हणजे कॅमेऱ्याकडं तोंड."

"व्हय साहेब. ते मला उशिरा कळलं."

सगळं सांगितलं. टँकरच्या वेळी विमानवाले पटांगणात नव्हतेच, त्यांची एसटी नंतर आली, हेही सांगितलं. फौजदार वाईट माणूस नव्हते. बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, "बायकोचा फोटो काढायला बंदी आहे असं मी कधी म्हटलं होतं का रे?" मी म्हणालो, "न्हाई." ते म्हणाले, "पण खोटी सही करणारा होमगार्ड मला नको. डगला काढ."

तिथंच काढला. घडी घालायला गेलो तर मला तिच्यासारखी घडी येईना. पट्टा ठेवला. बनियनवर बाहेर आलो, अर्ध्या वाटेवर बघतो तर शिट्टी गळ्यातच. परत जाऊन तीही दिली. गावात शिरलो तशी पाराजवळची माणसं हसली. "काय होमगार्ड, उन्हाळा लागला वाटतं?" मी म्हणालो, "लागला."

कॅमेरा सुटायला दोन बाजार गेले. सुटला त्या दिवशी विमानवाले तिसगावात न थांबता तसेच आमच्या रस्त्याच्या कामावर आले. पडदा आणला नव्हता. दुपार कलली होती. लांबूनच म्हणाले, "होमगार्डसाहेब, बनियनवर बरे दिसताय."

घरचीनं तोंड धुवायला पाणी कुठून आणावं? पदरानंच पुसलं. खडीची पांढरी धूळ निघाली नाही. ती मला म्हणाली, "या इकडं. हुबे ऱ्हावा."

मी म्हणालो, "डगला न्हाई आता."

"न्हाई तर न्हाई. तुमी हायेत ना?"

आम्ही खडीच्या ढिगाला पाठ करून उभे राहिलो. या वेळी ती मागं नाही आणि मीही मागं नाही. खांद्याला खांदा. उजेड आमच्या तोंडावर, विमानवाले उजेडाला पाठ करून. कॅमेरा पोटाशी धरून ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. 

"श्वास घ्या, वहिनी."

"तुमी आधी घ्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमचाच अडकलाय."

आणि ती हसली. खटका झाला.

फोटो पुढच्या बाजाराला आला. तिनं तो बघितला, मला दाखवला, लुगड्याच्या घडीत ठेवून दिला. भिंतीला लावू दिला नाही. "जित्या मानसाला भिंतीवर कशाला टांगायचं?" म्हणायची. चाळीस-पन्नास वर्षं तो लुगड्यातच होता. लुगडी बदलली, फोटो तोच.

विमानवाले त्यानंतर बरीच वर्षं येत राहिले. मला मरेपर्यंत होमगार्डसाहेबच म्हणायचे. मग एका बाजाराला आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्यांदा आभाळ दिसलं नाही तेव्हा घरची म्हणाली, "जाऊन या." मी केडगावला गेलो, विचारत विचारत घर काढलं. त्यांना जाऊन महिना झाला होता. त्यांची बायको ओट्यावर बसली होती. बोलत बसलो. मी म्हणालो, एखादा फोटो असंल तर बघू द्या त्यांचा. ती म्हणाली, "त्यांचा एकबी न्हाई, भाऊ. कॅमेरा कधी दुसऱ्याच्या हातात दिलाच न्हाई. तुमच्या गावच्या साऱ्यांचे हायेत, आमच्या मानसाचा न्हाई." निघताना परसात बघितलं. कडब्याच्या गंजीवर तो पडदा पांघरलेला, चारी कोपऱ्यांना दगड. विमानाचं तोंड वर आभाळाकडं.

घरची गेली तेव्हा दहाव्याला फोटो पाहिजे म्हणून मुलानं लुगडी उलगडली. मीच म्हणालो, मी घेऊन जातो. स्टुडिओवाल्यानं तो फोटो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर घेतला. तिचं तोंड एवढं मोठं झालं. हसरं, धुळीनं पांढरं. 

तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला बाजूला काढतो. हार घालायचा फोटो आहे, जिवंत माणूस त्यात चालत नाही. आणि हे खाली पायापाशी काळं आलंय, तो डागही पुसून टाकतो."

मी जवळ जाऊन बघितलं. इतक्या वर्षांत माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आमच्या दोघांच्या पायापाशी, खडीवर, एक सावली पडलेली. डोक्यावर टोपी, दोन्ही बाजूंना दोन कोपरं, मान खाली घातलेली.

"डाग न्हाई तो," मी म्हणालो. "मानूस हाय. वाटलं तर मला काढ, पर त्यास्नी ऱ्हाऊ दे."

त्यानं तिघांनाही राहू दिलं. भिंतीवर आहे आता. येणारीजाणारी बोलतात, म्हातारा जिवंत असून स्वतःला हार घालून घेतो. बोलू देत. रोज सकाळी मी हार नीट करतो, खाली सरकवतो, खडीपर्यंत पोचेल असा.